आधी बादली, मग नातेवाईक

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माणसाला नातेवाईक किती आहेत हे त्याच्या शरीरातल्या गाठीचा रस काढून ओळखता येतं, असं कोणी म्हणालं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण आमच्या इथे ते घडलं. त्यातून एका बाईचा जीव वाचला. आणि तो कोणी वाचवला म्हणाल, तर उगाच नम्रपणा कशाला, मी वाचवला.

मी एक जुनी बर्फाची बादली आहे. जुनी म्हणजे किती? या प्रयोगशाळेच्या भिंतींना पहिल्यांदा रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने ब्रश धुतला तो माझ्यात. आता मी हा अंगरखा घातला आहे म्हणून तुम्हाला माझं वय कळत नाही. त्याच्याखाली माझ्या पोटाला ही एवढी मोठी तड आहे, काठ झिजलाय, बुडाला खड्डा पडलाय. पण म्हाताऱ्या माणसाचे कपडे वर करून बघणं शोभत नाही, म्हणून त्या भानगडीत कोणी पडू नका. पहिल्या रांगेतल्या चष्मेवाल्या मुली, तू मघापासून माझ्या शिवणीवरून बोट फिरवते आहेस. फिरव, पण उसवू नकोस.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन पातळ रसायनं एका साच्यात ओतली, ती फसफसून वर आली, झाकण दाबलं गेलं आणि थोड्या वेळाने मी बाहेर पडले. निळी, गुबगुबीत आणि इतकी हलकी, की पंखा लावला तर टेबलावरून चालत जाईन. माझ्या अंगात सगळे बुडबुडेच बुडबुडे. गरम हवेला आत यायचं तर प्रत्येक बुडबुड्याचं दार ठोठावावं लागतं, आणि ती बिचारी वाटेतच कंटाळते. माझ्या बहिणीही त्याच दिवशी जन्मल्या. लाल गेली मासळीच्या दुकानात. काळीला म्हणे उत्तर ध्रुवावर नोकरी लागली, आणि तिथे तिला काही कामच नव्हतं.

मी मात्र इथे आले. आणि थंडी धरून ठेवण्यात माझा हात कोणी धरू शकलं नाही. एकदा एक माशी माझ्यावरून उडत गेली. या बाजूने गेली ती माशी होती, त्या बाजूला पडली ती गार होती. हसा, हसा. गारेला पंख होते, मी स्वतः पाहिले.

मला हाताळायच्या त्या ताई. सगळे त्यांना तुरेताई म्हणत, कारण त्या आयुष्यभर तुरे शोधत होत्या. मोराचे नव्हेत, पेशींमधले. ते तुरे म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढची गंमत हुकेल.

आपल्या प्रत्येक पेशीत हजारो प्रथिनं नोकरीला असतात. त्यातली बरीचशी सुस्त पडून असतात. मग एक प्रथिन येतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात फॉस्फेटचा बारीकसा तुरा खोवतं. डोक्यात तुरा आला की ते दुसरं खडबडून जागं होतं आणि तिसऱ्याच्या डोक्यात तुरा खोवायला धावतं. असा निरोप पार आतपर्यंत जातो, की वाढा, दोनाचे चार व्हा. काम झालं की तुरे उपटणारी वेगळी प्रथिनं येतात आणि सगळ्यांना परत झोपवतात. चांगल्या पेशीत हा कारभार चोख चालतो. कर्करोगाच्या पेशीत तुरे खोवणाऱ्यातला एखादा पिसाळतो. दिसेल त्याच्या डोक्यात तुरा. निरोप थांबत नाही, पेशी वाढत सुटतात, गाठ होते.

अशा एका पिसाळलेल्याचे हात बांधणारं औषध तेव्हा नुकतंच आलं होतं. पण ज्याच्या गाठीत हा पिसाळलेला नाहीच, त्याला औषध देऊन नुसता त्रास, उपयोग शून्य. म्हणून आधी बघायचं, गाठीत तुरे आहेत का. ती चाचणी ताईंनी बसवली होती. गाठीचा नखाएवढा तुकडा कुटायचा, त्याचा रस जेलीच्या पातळ वडीतून विजेच्या जोरावर पळवायचा. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे राहतात. मग ती सगळी एका पांढऱ्या पापुद्र्यावर उतरवायची आणि त्यावर असं एक औषधपाणी ओतायचं, जे फक्त तुऱ्यालाच चिकटतं. तुरे असले तर फोटोत काळी रेघ. नसले तर कोरं.

माझं काम एवढंच की शेजारच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, गाठ निघाली, की ती बर्फात घालून ताईंच्या टेबलावर आणायची. पाय नसल्यामुळे मला मामा न्यायचे. मामा म्हणजे इस्पितळातले मदतनीस, सगळ्या जगाचे मामा. त्यांच्या चपलांचा फटक फटक आवाज आला की माझ्या पोटातला बर्फ टाळ्या वाजवायचा. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर एक स्टूल होतं. मामा मला त्यावर ठेवायचे आणि स्वतः भिंतीला टेकून एक डुलकी काढायचे. कोणीतरी आतून गाठ आणून माझ्यात ठेवली की तेवढ्या झाकणाच्या आवाजाने जागे व्हायचे. सुखाचे दिवस होते.

पण मित्रांनो, सुखाला दृष्ट लागली.

ताईंनी बशीत वाढवलेल्या पेशींवर चाचणी केली, की रेघ कशी काजळासारखी यायची. माणसांच्या गाठींवर केली की मात्र तिचं डोकं फिरल्यासारखं व्हायचं. एखाद्या गाठीत ठसठशीत, पुढच्या चार गाठींत पत्ताच नाही. प्रथिन जागेवर होतं, ते ताई वेगळं तपासून बघायच्या. डोक्यावरचा तुरा तेवढा गायब. जेलीवाल्याला दोष देऊन झाला, विजेला देऊन झाला, औषधपाणी बदलून झालं. आणि मग, सगळीकडे होतं तसं, दोष गरिबावर आला. ताईंचे वरिष्ठ, त्यांना सगळे सर म्हणत, ते म्हणाले, "हे फोमचं खेळणं फेकून द्या. थंडी धरत नसेल ते."

मी थंडी धरत नाही! जिने माशीची गार केली ती!

माझ्या जागी चाकांवर चालणारा, लखलखीत पोलादी डबा आला. आणि मला कुठे लावलं? दाराला. दार आपटू नये म्हणून. कोणी येता जाता पाय मारायचं, कोणी माझ्यात वापरलेले हातमोजे टाकायचं. एकाने तर ओली छत्री उभी केली. मी तोंडातून ब्र काढला नाही. आणि रेघ? डब्याच्या राज्यातही ती तशीच होती, कधी आहे, कधी नाही. सरांनी मग सांगून टाकलं, की वर बसणारी समिती पुढच्या बैठकीत ही चाचणी बंद करणार. ज्या चाचणीचा भरवसा नाही तिच्यावर विसंबून माणसांना औषध द्यायचं की नाही कसं ठरवणार? बोलणं खोटं नव्हतं, म्हणून ताईंना जास्त लागलं.

त्यातच आल्या शिवणकाकू.

काकू इस्पितळाचे हिरवे गाऊन शिवायच्या. ऑपरेशन करणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर काकूंचीच शिवण. मोठ्या डॉक्टरांना त्या सरळ तोंडावर सांगायच्या, "पोट आत घ्या, मला परत माप घ्यायला लावू नका." त्यांच्या छातीतली गाठ आधी काढली होती. गाठीच्या तुकड्याची चाचणी ताईंनीच केली होती आणि पापुद्रा कोरा निघाला होता. कोरा म्हणजे औषध नाही. आता काखेत नवी गाठ आली होती आणि हात सुजायला लागला होता. काकू प्रयोगशाळेच्या दारात आल्या, त्यांनी मला पायाने नाही, हाताने बाजूला सारलं (ते मी कधी विसरणार नाही), आणि ताईंना म्हणाल्या, "लेकीला सातवा लागलाय. झबलं बेतून ठेवलंय. शिवायला हात राहील का माझा, एवढंच सांग."

काकूंच्या बाकीच्या सगळ्या तपासण्या ओरडून सांगत होत्या की या गाठीत तो पिसाळलेला असणार. एकटी ताईंची चाचणी म्हणत होती, नाही. आणि औषध द्यायचं की नाही हे त्या चाचणीवर अडलं होतं. काखेतली गाठ पुढच्या आठवड्यात काढायची होती. तिचाही पापुद्रा कोरा निघाला तर विषय संपला.

आता नशीब बघा. दुसऱ्याच दिवशी पोलादी डब्याचं एक चाक अडकलं. मामा भाच्याच्या लग्नाला गेलेले. एका सुताराचं ऑपरेशन संपत आलं होतं. ताईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, माझ्यातले हातमोजे झटकले, बर्फ भरला आणि मला काखोटीला मारून स्वतः निघाल्या. इतक्या वर्षांत त्या कधी त्या दारापर्यंत गेल्याच नव्हत्या. गाठी त्यांच्याकडे चालत यायच्या ना.

आम्ही दोघी स्टुलाजवळ उभ्या राहिलो. दार उघडलं. मोठे डॉक्टर बाहेर आले, हातात ट्रे, ट्रेमध्ये गाठ. ताईंनी माझं झाकण उघडून मला पुढे केलं. डॉक्टर आमच्या समोरून तसेच पुढे गेले आणि बाकाकडे वळले.

बाकावर सुताराचा गोतावळा बसला होता. डॉक्टरांची ही जुनी रीत. गाठ काढली की ती घरच्यांना दाखवायची. बघा, हे होतं, हे काढलं. आधी बायकोने पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग थोरला भाऊ. मग मेहुणा, त्याने शंका विचारल्या. साडूंना लांबून दिसेना, त्यांचा चष्मा दुसऱ्याच कोणाच्या पिशवीत होता, तो शोधला. आत्याबाई म्हणाल्या मी नाही बघणार बाई, आणि बोटांच्या फटीतून दोनदा बघून घेतलं. एवढ्यात कोणाला तरी आठवलं की धाकटा खाली चहाला गेलाय. त्याला फोन केला. तो दोन जिने चढून येईपर्यंत डॉक्टर ट्रे हातात धरून शांतपणे उभे. तो धापा टाकत आला तेव्हा त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं. आणि मग, सगळ्यांचं समाधान झाल्यावर, ती गाठ माझ्यात आली.

माझा बर्फ एव्हाना खाली बसला होता. ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बराच वेळ शोधलेली किल्ली स्वतःच्याच मुठीत सापडल्यावर माणूस जसा मुठीकडे बघतो, तसं काहीतरी होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. फक्त या वेळी काखेत मी होते.

कारण बघा, गाठ कापून काढली म्हणून पेशींना थोडंच कळतं की आता खेळ संपला? तुरे खोवणाऱ्याला खोवायला इंधन लागतं. ते रक्त थांबलं की संपतं, आणि तो हात चोळत बसतो. तुरे उपटणाऱ्याला काहीच लागत नाही. तो उपाशीपोटी भराभरा उपटत सुटतो. त्याला थांबवायचा उपाय एकच, गारठवणे. म्हणजे माझ्याकडे यायचं ते तुरे असताना. इथे तर साडूंचा चष्मा सापडेपर्यंत सगळी टक्कलं झालेली असायची.

ताईंना एक म्हातारा पहारेकरी आठवला. त्याचं जगात कोणी नव्हतं. म्हणजे त्या दिवशी बाक रिकामाच असणार. आजवरची सगळ्यांत काळी रेघ त्याची होती. मग त्या एकेक आठवत गेल्या. दूरगावाहून एकटी आलेली शिक्षिका, रेघ काळी. पाच लेकींचा बाप, कोरं. आणि शिवणकाकूंच्या पहिल्या ऑपरेशनला तर अर्धी गल्ली आली होती.

त्यांनी हे सरांना सांगितलं तेव्हा सर चष्मा काढून हसले. म्हणाले, "मग समितीला काय सांगू? गोतावळा मोठा असला की कर्करोग निवळतो?"

"समितीला काही सांगू नका," ताई म्हणाल्या. "मला फक्त मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ द्या."

मोठ्या डॉक्टरांसमोर आवाज चढवायची हिंमत त्या इस्पितळात लिफ्टलाही नव्हती. ताई गेल्या. सोबतीला मला घेतलं. मी नसते तर त्यांचं धाडस झालं नसतं, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावर बोटांनी ताल धरला आणि विचारलं, "माझ्या टेबलावरून निघालेली गाठ एवढ्यात नासते म्हणता?"

"नासत नाही, डॉक्टर. विसरते. आत काय चाललं होतं ते विसरून जाते."

डॉक्टरांच्या बोटांचा ताल थांबला. मग त्यांनी कधी कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा ते शाळेत होते. बाकावर बसून होते. कोणी काही दाखवलं नाही, कोणी काही बोललं नाही. घरातले एक काका शेवटपर्यंत म्हणत राहिले, की यांनी नुसतं उघडून शिवलं असणार. म्हणून स्वतः डॉक्टर झाल्यावर त्यांनी ठरवलं, आपल्या बाकावरचा एकही माणूस असा घरी जाणार नाही. "आणि तुम्ही म्हणता ते बंद करा. मग त्यांना काय दाखवू, बर्फ?"

"गाठच दाखवा," ताई म्हणाल्या. "हवा तेवढा वेळ दाखवा. फक्त बाहेर जाण्याआधी नखाएवढा तुकडा हिच्यात टाका." आणि त्यांनी मला टेबलावर पुढे सरकवलं. मी छाती काढून उभी राहिले. बादलीला छाती नसते, पण प्रसंगच तसा होता.

डॉक्टर म्हणाले, "पटवून दाखवा."

मग पैज लागली. पुढच्या ऑपरेशनचा रुग्ण होता एक बसचालक. त्याला आधी सगळं समजावलं, तो म्हणाला खुशाल करा, माझे भाऊ सात आहेत, चांगली परीक्षा होईल. गाठ निघाली. तिचे तीन तुकडे. पहिला कापल्या कापल्या माझ्यात. दुसरा, बायको बघून झाल्यावर. तिसरा, सातव्या भावाचं शंकासमाधान झाल्यावर. ताईंनी तिन्ही तुकड्यांचा रस शेजारी शेजारी पळवला. दुसऱ्या दिवशी फोटो आला तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः प्रयोगशाळेत आले, आणि आल्या आल्या त्यांनी मला पाय लागू नये म्हणून बाजूने पाऊल टाकलं.

फोटोत पहिली रेघ काळीभोर. दुसरी राखी. तिसरी नव्हतीच.

डॉक्टर वाकून बघत राहिले. मग सरांकडे वळून म्हणाले, "म्हणजे सात भाऊ मिळून अख्खी रेघ खाऊन गेले." सर हसले नाहीत. त्यांनी पोलादी डब्यावर एक कापड टाकलं.

आणि मग काकूंचा दिवस आला.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा ऑपरेशनच्या खोलीच्या आत गेले. मला घासलं, पुसलं, निर्जंतुक कापडात गुंडाळलं. काय तो उजेड! काय ती शांतता! मोठ्या डॉक्टरांच्या अंगावर काकूंनीच शिवलेला गाऊन होता, पोटाशी जरा घट्ट. बाहेर बाकावर काकूंची लेक, जावई, दोन जावा, शेजारच्या तीन जणी आणि त्यांना सोडायला आलेले त्यांचे नवरे. म्हणजे तुरे उपटायला फौजच. मामा दाराशी उभे होते, आणि इतिहासात पहिल्यांदा जागे होते.

गाठ सुटली. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये घेतली. आणि काय सांगू तुम्हाला, ते वळले आणि थेट दाराकडे निघाले! सगळं ठरलेलं, सगळं पटलेलं, पण पायांना कोण सांगणार? तीस वर्षं ते पाय गाठ घेऊन दाराकडेच गेले होते. सिस्टर तोंडावर मास्क असून आ वासून बघत राहिल्या. एक पाऊल गेलं. दुसरं गेलं. दाराच्या काचेतून शेजारणींच्या माना उंचावलेल्या दिसत होत्या.

तेव्हा मी ओरडले. "डॉक्टर, आधी मी!"

सिस्टर पुढे कायम सांगत राहिल्या की ओरडल्या त्या. सांगू देत. मोठ्या मनाने मी तो मान त्यांना दिला आहे. डॉक्टर जागच्या जागी थबकले. पाय दाराकडे, धड माझ्याकडे. मग त्यांनी सुरी उचलली, तुकडा कापला आणि माझ्यात टाकला. झाकण बसलं. आणि मामा पळाले. चपला हातात घेऊन पळाले. वाटेत दोन खाटा, एक चाकाची खुर्ची आणि सर स्वतः, सगळे भिंतीला चिकटून उभे. मला तर वाटतं आम्ही एका ठिकाणी जिन्याच्या पायऱ्यांना शिवलोच नाही.

पुढचे दोन दिवस ताईंनी तो रस जेलीतून पळवला, पापुद्र्यावर उतरवला. फोटो उमटायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. पडदा पांढरा होता. पांढराच राहिला. मग मधोमध एक पुसट सावली आली, धूळ असावी तशी. ती भरत गेली. भरत गेली, भरत गेली आणि काळीकुळकुळीत झाली. पहारेकऱ्याच्या रेघेपेक्षा काळी. ताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. मग त्यांनी मला उचललं आणि माझ्यासकट सगळ्या प्रयोगशाळेत एक गिरकी मारली. उरलेलं पाणी सरांच्या शर्टावर उडालं. सर म्हणाले, "असू दे, असू दे, उडू दे."

काकूंना औषध सुरू झालं. हे औषध सगळ्यांना लागू पडतं असं नाही, मी कितीही थापाडी असले तरी याबाबतीत खोटं बोलणार नाही. काकूंना पडलं. हाताची सूज उतरली. समितीची बैठक झाली तेव्हा चाचणी बंद करायचा विषय कोणी काढलाच नाही. उलट मोठ्या डॉक्टरांनी उभं राहून सांगितलं की यापुढे त्यांच्या इस्पितळात एकही गाठ बादलीला भेटल्याशिवाय बाहेर जाणार नाही. दारावर पाटी लागली. "आधी बादली, मग नातेवाईक." तुम्ही मघाशी येताना वाचली असेल. जुन्या गाठींमुळे ज्यांचा पापुद्रा कोरा ठरला होता, त्यांतल्या ज्यांचं पुन्हा तपासता आलं, त्यांना ताईंनी एकेकाला परत बोलावलं. दूरदूरची माणसं आमची रीत बघायला येऊ लागली. मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्यासोबत फोटो काढून गेले. एका देशाच्या राणीने मला मागणी घातली होती, सरबत थंड ठेवायला. मी नाही म्हटलं.

आणि मग एक दिवस जिन्यात सावकाश पावलं वाजली. काकू आल्या. दोन जिने स्वतःच्या पायांनी चढून. काखेत गाठ नव्हती, पिशवी होती. त्यांनी त्यातून हा अंगरखा काढला. बाहेरून ऑपरेशनच्या गाऊनचं हिरवं कापड, आत ऊब धरणारा जाड थर, आणि अस्तर हे असं, पिवळ्यावर छोटे छोटे हत्ती. नातीचं झबलं शिवून उरलेलं. माझ्या अंगावर चढवून त्यांनी बंद बांधला, सुरकुती काढली आणि ताईंना म्हणाल्या, "जन्मभर बर्फ पोटात घेऊन बसायचं म्हणजे हिला थंडी वाजत असणार."

ताई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. मी मात्र रडले नाही. माझ्या अंगावर बाहेरून पाणी जमतं ते हवेमुळे, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल.

तर मित्रांनो, असं माझं आयुष्य. मान पाहिला, अपमान पाहिला, ओली छत्रीसुद्धा पाहिली. म्हातारीचं एवढं ऐका. ज्याची किंमत आहे ते आधी जपून ठेवा, मिरवायचं ते मागाहून मिरवा. मिरवण्यात गंमत आहे, मी नाही म्हणत नाही. पण साडूंचा चष्मा सापडेपर्यंत कोणाचाच तुरा टिकत नाही. आणि एक छोटी विनंती. काम झालं की माझ्यासारख्यांना पुसून, पालथं घालून वाळवत जा. दाराला लावू नका. आत हातमोजे टाकू नका. या एवढ्या पुण्याईवरच तर मी त्या दिवसापासून आजपर्यंत, एकाही दिवसाची सुट्टी न घेता, याच फळीवर, याच अंगरख्यात, ही पोटावरची तड सांभाळत...

"खोटं," पहिल्या रांगेतली चष्मेवाली मुलगी म्हणाली. तिने अंगरख्याचा बंद सोडला होता आणि ती आत बघत होती. "हिला तड नाहीच आहे. हिचा अजून कारखान्याचा वास पण गेला नाहीये. जुनी बादली कधीच फुटली. नवी आली की आजी दर वेळी हाच अंगरखा उसवते आणि तिच्या मापाला शिवते. हे हत्ती माझ्या झबल्याचे आहेत. गेल्या रविवारी आजीने हा शिवला तेव्हा सुई मीच ओवून दिली. आजी आता म्हातारी झालीय ना, तिला सुईचं भोक दिसत नाही."